अभिनेत्रीचा शब्द आणि घराचा उंबरठा : सेलिना जेटली ह्यांच्या समलिंगी-हक्क कार्याचे ऐतिहासिक स्थान

रंगभूमीने आणि चित्रपटाने समाजाला काय दिले, ह्याची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. नटाने रंगमंचावरून खाली उतरल्यावर, नागरिक ह्या नात्याने, काय केले ह्याची चर्चा मात्र फारशी झालेली नाही. नटाचे खाजगी जीवन हा कुतूहलाचा विषय आणि त्याचे सामाजिक कार्य हा सत्कारसमारंभाचा विषय, अशी एक वाटणी आपण करून ठेवली आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्या दोहोंपासून दूर राहावे असा संकेत रूढ झाला आहे. हा संकेत सोडून पाहण्यासारखे एक उदाहरण मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत सापडते. सेलिना जेटली ही अफगाण मूळ असलेल्या आईची आणि पंजाबी पित्याची कन्या. सौंदर्यस्पर्धेतून ती चित्रपटात आली आणि पुढे समलिंगी व्यक्तींच्या हक्कांची पुरस्कर्ती म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतातर्फे उभी राहिली. ह्या घटनेला कितपत महत्त्व द्यावयाचे, हा येथील प्रश्न आहे. तिचा गौरव करणे सोपे आहे आणि तिची उपेक्षा करणे त्याहूनही सोपे. दोन्ही टाळावयाचे, तर प्रथम थोडे मागे जावे लागते, आणि परभणीच्या वाचकाला तर आपल्याच जिल्ह्याच्या जुन्या राज्यव्यवस्थेपर्यंत जावे लागते.

ब्रिटिश हिंदुस्थानची दंडसंहिता 1860 साली मंजूर झाली आणि 1862 च्या 1 जानेवारीपासून अंमलात आली. तिच्या 377 व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंध हा गुन्हा ठरविला. ह्या कल्पनेचे मूळ इंग्लंडच्या 1533 च्या कायद्यात होते. परभणी जिल्हा मात्र त्या काळी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची दंडसंहिता स्वतंत्र होती. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्रीय कायदे लागू करणारा अधिनियम 1951 च्या एप्रिलमध्ये अंमलात आला, तेव्हा भारतीय दंडसंहिता तिच्या 377 व्या कलमासह मराठवाड्यास प्राप्त झाली. हा तपशील लहान वाटेल. परंतु ज्या कलमाविषयी पुढे दिल्लीत आणि मुंबईत एवढा वाद झाला ते ह्या भागात परकीय सत्तेने नव्हे, तर स्वतंत्र भारताच्या संसदेने आणले, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

ह्याचा अर्थ निजामी अंमल उदार होता असा मात्र नव्हे. फसली 1329 साली, म्हणजे इसवी 1919 च्या सुमारास, हैदराबादेत हिजड्यांविषयी एक कायदा करण्यात आला. हैदराबाद शहरात, आणि सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणी, राहणाऱ्या हिजड्यांची नावे नोंदवहीत लिहावयाची, अशी त्यात तरतूद होती. अशा नोंदलेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात किंवा अलंकार घालून रस्त्यावर दिसणे, तसेच सार्वजनिक ठिकाणी नाचणे, वाद्य वाजविणे वा करमणुकीच्या कार्यक्रमात भाग घेणे हा गुन्हा होता. त्यासाठी अधिपत्राशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. 1871 च्या ब्रिटिश गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाची ही सरळ छाया होय. तेलंगणात ह्या कायद्याचा अवशेष शंभर वर्षांहून अधिक काळ पुस्तकात राहिला आणि तेथील उच्च न्यायालयाने 2023 च्या जुलैमध्ये तो घटनाबाह्य ठरविला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा कायदा वर्तनाइतकाच वेष आणि नृत्य ह्यांवर, म्हणजे कलेवर, रोखलेला होता. आणि ज्या मराठी मुलखाचा काही भाग ह्या राज्यात होता त्या मुलखात स्त्रीवेष घेतलेला पुरुष हे तर नित्याचे दृश्य! एकनाथांच्या भारुडात पुरुष लुगडे नेसून उभा राहतो, तमाशात नाच्या असतो, आणि संगीत नाटकाच्या क्षेत्रात नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (1888–1967) ह्यांच्या स्त्रीभूमिकांनी एका पिढीच्या स्त्रियांना नेसण्यासवरण्याचा आदर्श घालून दिला. समाजाने नटाला जी मोकळीक दिली ती अशी विलक्षण होती. मंचावर जे चालेल ते घरात चालणार नाही, आणि जो नट मंचावरचे घरापर्यंत आणील त्याला क्षमा नाही. मराठी तमाशापटांत नाच्याच्या भूमिकांमुळे ज्यांचे नाव घरोघर झाले त्या गणपत पाटील ह्यांना ह्या मोकळिकीची दुसरी बाजू पाहावी लागली. भूमिकेची टवाळी त्यांच्या व्यक्तिगत जीवनाला चिकटली आणि कुटुंबालाही भोगावी लागली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ ह्या कादंबरीचा नायक गुणा ह्याची शोकांतिका हीच आहे, आणि 2010 साली तिच्यावर चित्रपट निघाला तेव्हाही ती जुनी झालेली नव्हती.

नट आणि समाज ह्यांच्यातील ह्या अलिखित कराराच्या पार्श्वभूमीवर सेलिना जेटली ह्यांचे उदाहरण ठेवून पाहिले पाहिजे.

त्यांचा जन्म 1981 चा. वडील भारतीय लष्करात अधिकारी. बालपण छावण्यांतून, बदल्यांच्या मागे फिरण्यात गेले. 2001 साली त्यांनी ‘फेमिना’चा भारतसुंदरीचा किताब मिळविला आणि त्याच वर्षी पोर्तो रिको येथे भरलेल्या विश्वसुंदरी स्पर्धेत चौथ्या उपविजेत्या ठरल्या. 2003 साली फिरोज खान ह्यांच्या ‘जानशीन’ ह्या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. ‘नो एन्ट्री’ (2005), ‘अपना सपना मनी मनी’ (2006), ‘गोलमाल रिटर्न्स’ (2008), ‘थँक यू’ (2011) हे त्यांचे पुढील चित्रपट. अभिनेत्री म्हणून त्यांची गणना पहिल्या श्रेणीत झाली असे म्हणता येणार नाही. बहुतेक भूमिका विनोदी चित्रपटांतील आणि नायकाच्या सावलीतील आहेत. हे स्पष्टपणे नोंदविणे अवश्य आहे, कारण त्यांच्या सामाजिक कार्याचे वजन पडद्यावरील यशातून आपोआप आलेले नाही.

मिश्र वंशाचा प्रश्न येथेच हाताळणे बरे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मिश्र किंवा बाहेरील मूळ असलेल्या कलावंतांची परंपरा मूकपटाच्या काळापासूनची आहे. सुलोचना ह्या नावाने गाजलेल्या रुबी मायर्स आणि त्यांच्यानंतरच्या नादिरा ह्या बगदादी ज्यू होत्या आणि हेलन ह्यांचा जन्म ब्रह्मदेशातला. ह्या अभिनेत्रींपैकी अनेकींच्या वाट्याला ‘आपल्यातली नसलेली’ स्त्री रंगविण्याचे काम आले. कुलवती नायिका एक आणि क्लबात नाचणारी दुसरी, ही विभागणी पुष्कळदा चेहऱ्यावरून ठरे. सेलिना जेटली ह्यांच्या काळापर्यंत ही विभागणी बरीच सैल झाली होती. अफगाण मातेची मुलगी सबंध भारताची प्रतिनिधी म्हणून परदेशी जाऊ शकत होती. तेव्हा मिश्र कुळात जन्मल्यामुळे त्या समलिंगी व्यक्तींच्या दुःखाशी समरस झाल्या, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. मिश्र कुळातील शेकडो कलावंतांनी ह्या प्रश्नावर एक शब्दही उच्चारला नाही, आणि ज्यांनी उच्चारला त्यांतील पुष्कळ जण अगदी एकजिनसी, कर्मठ घरांतून आलेले होते. फार तर एवढेच म्हणता येईल, की ज्या घरात दोन प्रदेशांच्या चालीरीती एकत्र नांदतात तेथे ‘आमच्यात असे नसते’ हे वाक्य जरा कमी ऐकू येते.

त्या ज्या चळवळीत आल्या ती चळवळ मुंबईत आधीच उभी होती, आणि ती उभारण्याचे श्रेय दुसऱ्यांकडे जाते. समलिंगी वृत्तीविषयी मराठीत मोकळेपणाने लिहिण्याचा मान र. धों. कर्वे ह्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ (1927–1953) ह्या मासिकाला द्यावा लागतो. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. त्यानंतर सुमारे अर्धशतक ह्या विषयावर मराठीत जवळजवळ सामसूम होती. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 साली रंगमंचावर आले आणि त्यात रोहिणी हट्टंगडी ह्यांनी स्त्रीवर प्रेम करणाऱ्या तरुणीची भूमिका केली. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेल ह्यांच्या ‘उंबरठा’मध्ये सुधारगृहातील दोन स्त्रियांच्या नात्याचा प्रसंग होता. परंतु ही कलाकृतींची गोष्ट झाली. नागरिकाच्या हक्काची भाषा मुंबईत आली ती पत्रकार अशोक राव कवी ह्यांच्यामुळे. 1986 साली एका नियतकालिकातील मुलाखतीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले, 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि 1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था उभी केली. पुण्यात बिंदुमाधव खिरे ह्यांनी 2002 पासून ‘समपथिक ट्रस्ट’च्या द्वारे मराठीतून हेच कार्य चालविले, ग्रामीण आणि निमशहरी वाचकापर्यंत हा विषय मराठीत पोचविण्यात त्यांच्या पुस्तिकांचा वाटा मोठा आहे. सेलिना जेटली ह्यांचा संबंध आला तो मुंबईच्या ह्या वर्तुळाशी. अशोक राव कवी ह्यांच्याबरोबर आणि ‘हमसफर’च्या कार्यक्रमांतून त्या दिसू लागल्या, आणि काही वर्षे बंद पडलेल्या ‘बॉम्बे दोस्त’चे 2009 साली पुनःप्रकाशन झाले तेव्हा त्या प्रसंगाशी त्यांचे नाव जोडले गेले.

त्या वर्षाचे महत्त्व सर्वपरिचित आहे. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती सोलापूरचे अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर ह्यांच्या खंडपीठाने, प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खाजगी संबंधांना 377 वे कलम लागू होत नाही असा निर्णय दिला. साडेचार वर्षांनी, 11 डिसेंबर 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. ह्या दोन तारखांच्या दरम्यान, 2013 च्या जुलैमध्ये, दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ‘फ्री अँड इक्वल’ ही जागतिक मोहीम सुरू केली. स्थळाची निवड अर्थपूर्ण होती: वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर दक्षिण आफ्रिकेने 1996 साली जी राज्यघटना केली तिने लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावास स्पष्ट मनाई केली होती. मोहिमेच्या प्रवर्तक नवी पिल्ले ह्या डरबनच्या तमिळ कुटुंबातील, आणि त्यांच्या शेजारी आर्चबिशप डेस्मंड टुटू होते. मोहिमेचे पुरस्कर्ते म्हणून जी नावे जाहीर झाली त्यांत पोर्तो रिकोचे गायक रिकी मार्टिन, ब्राझीलच्या गायिका दानिएला मर्क्युरी, दक्षिण आफ्रिकेच्या गायिका इव्हॉन चाका चाका आणि भारतातर्फे सेलिना जेटली ही होती. पहिल्या दोघांनी आपली समलिंगी ओळख स्वतः जाहीर केलेली होती. इतर दोघी मित्र ह्या नात्याने आलेल्या. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर साडेचार महिन्यांनी, 30 एप्रिल 2014 रोजी, ह्या मोहिमेची ‘द वेलकम’ नावाची एक छोटी संगीत-चित्रफीत मुंबईत प्रकाशित झाली. बासू चतर्जी ह्यांच्या 1979 च्या ‘बातों बातों में’ ह्या चित्रपटातील एक गाणे तिच्यासाठी नव्याने बांधले होते आणि ते जेटली ह्यांनी स्वतः गायिले. कथा एवढीच, की सधन घरात लगबग चालली आहे, घरचा मुलगा आपल्या जोडीदाराला घेऊन यावयाचा आहे, सारे उत्सुक आहेत. मोटार येते, आणि तिच्यातून उतरतो तो तरुण पुरुष. क्षणभर घर थिजते; मग गाणे सुरू होते आणि त्याचे स्वागत होते.

कलादृष्ट्या ही चित्रफीत सामान्यच आहे. घर श्रीमंत, वस्त्रे झगझगीत, अडचण मिनिटाभरात सुटणारी. परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या घरात असा मुलगा परत आला तर काय होईल, ह्याची तिला कल्पना नाही. तरीही ती बाजूस सारता येत नाही. तोपर्यंत भारतातील ह्या प्रश्नाची चर्चा दोन भाषांत होत होती. एक न्यायालयाची: खाजगीपणा, समता, अनुच्छेद 14, 15 आणि 21. दुसरी सार्वजनिक आरोग्याची. दिल्लीचा खटला चालविणारी ‘नाझ फाउंडेशन’ ही संस्था मुळात एड्स-प्रतिबंधाच्या कामातील होती, आणि सरकारी कागदपत्रांत ह्या माणसांना जे स्थान मिळाले ते बव्हंशी रोगाच्या संदर्भात मिळाले. घराची भाषा ह्या दोहोंत नव्हती. न्यायालय एखाद्याला निर्दोष ठरवील, दवाखाना औषध देईल. आईने दार उघडावे की नाही हे दोघेही सांगू शकत नाहीत. ‘द वेलकम’ने लग्नाचे गाणे, पाहुण्याची वाट पाहणारी आजी, उंबरठ्यावरचा क्षण, ही हिंदी चित्रपटाची झिजलेली सामग्री उचलली आणि तिच्या साह्याने हा प्रश्न थेट घरात नेऊन ठेवला. झिजलेली सामग्री असल्यामुळेच ती सर्वांना कळली. येथे अभिनेत्रीचे धंद्यातील ज्ञान उपयोगी पडले. वकिलाला हे सुचले नसते.

अर्थात घराची ही भाषा मराठी रंगभूमीने त्याआधी आणि अधिक खोलवर वापरली होती. चेतन दातार (मृत्यू 2008) ह्यांच्या ‘एक माधवबाग’ ह्या एकपात्री नाटकात आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईचे मन उलगडते. मोना आंबेगावकर ह्यांनी त्याचे प्रयोग अनेक ठिकाणी केले आणि पुढे श्रीधर रंगायन ह्यांच्या ‘ईव्हनिंग शॅडोज’ (2018) ह्या चित्रपटात त्यांनी अशाच आईची भूमिका केली. नाट्यगृहात शंभर माणसे हे ऐकत होती आणि संयुक्त राष्ट्रांची चित्रफीत त्याहून कितीतरी पटींनी अधिक लोकांनी पाहिली. परंतु शंभरांपैकी एखाद्या आईच्या मनावर जो ओरखडा उमटला असेल तो चित्रफितीने उमटविला असेल असे नाही. दोहोंचे मोल एकाच तराजूत तोलण्याचे कारण नाही.

जेटली ह्यांच्याविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ज्या चित्रपटसृष्टीत त्या वावरल्या तिने ह्याच माणसांच्या टवाळीवर पुष्कळ पैसा मिळविला. स्वतः जेटली ज्यात होत्या त्या ‘अपना सपना मनी मनी’मध्ये लातूरचे रितेश देशमुख बराच वेळ स्त्रीवेषात वावरतात आणि तो वेष हशाचा विषय आहे. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो एका व्यक्तीपेक्षा एका धंद्याला अधिक लागू पडतो; आणि त्या धंद्यातील बहुतेक मोठी नावे जेव्हा गप्प होती, तेव्हा दुय्यम श्रेणीतील एका अभिनेत्रीने बोलावे ह्यात तिची बाजू उजळच दिसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्या स्वतः समलिंगी नाहीत. तेव्हा दुसऱ्याच्या दुःखाचे प्रतिनिधित्व त्यांनी का करावे? ह्याला उत्तर देताना जमाखर्च नीट मांडला पाहिजे. गणपत पाटलांनी नाच्याची भूमिका केली आणि आयुष्यभर तिचा भार वाहिला. बंगालच्या जात्रेत चपल भादुरी स्त्रीभूमिका करीत. त्यांची लोकप्रियता ओसरली तेव्हा त्यांच्या वाट्याला विस्मृती आली. अशोक राव कवींनी 1986 साली आपले नाव छापू दिले तेव्हा त्या कबुलीवर फौजदारी कलमाची छाया होती. ह्यांपैकी कोणाच्याही तुलनेत जेटली ह्यांनी पत्करलेला धोका लहान होता. त्यांनी खर्च केली ती प्रतिष्ठा. इतरांनी खर्च केले ते आयुष्य. मात्र प्रतिष्ठा हीही खरी पुंजी आहे, आणि 2009 ते 2014 ह्या काळात चळवळीला तिची गरज होती ह्यात शंका नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ह्या नागरिकांच्या अत्यल्प संख्येचा उल्लेख निर्णयाच्या ओघात केला होता. अशा वेळी त्या संख्येबाहेरच्या कोणीतरी त्यांच्या बाजूने उभे राहणे हाच एक युक्तिवाद होता.

निर्णायक पाऊल मात्र पुन्हा प्रत्यक्ष झळ सोसणाऱ्यांनीच टाकले, आणि ते टाकणारांत कलावंत अग्रभागी होते हे नमूद केले पाहिजे. 2016 साली सर्वोच्च न्यायालयात जी नवी याचिका दाखल झाली तिचे पहिले अर्जदार नवतेज सिंग जोहर हे भरतनाट्यम नर्तक. पुढे अशोक राव कवी आणि ‘हमसफर ट्रस्ट’ ह्यांनीही याचिका केली. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, ज्यात अजय माणिकराव खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड हे दोघे मराठी न्यायमूर्ती होते, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते 377 वे कलम रद्द ठरविले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली. तिच्यात ह्या कलमाला स्थान नाही. परभणीपुरते बोलावयाचे, तर 1951 साली आलेले कलम त्र्याहत्तर वर्षांनी गेले. विवाहाचा प्रश्न मात्र घरच्या दाराशीच थांबला: 17 ऑक्टोबर 2023 च्या निर्णयात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि तो विषय विधिमंडळाकडे सोपविला.

जेटली ह्या दरम्यान बरीच वर्षे चित्रपटापासून दूर, परदेशी राहिल्या. 2020 साली त्या परतल्या त्या ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ ह्या राम कमल मुखर्जी ह्यांच्या लघुपटातून. 30 मे 2013 रोजी निधन पावलेले बंगाली दिग्दर्शक ऋतुपर्ण घोष ह्यांना तो अर्पण केलेला होता. घोष ह्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन, ‘आरेकटि प्रेमेर गल्प’ (2010) ह्या चित्रपटात, चपल भादुरी ह्यांच्या जीवनाशी जोडलेली भूमिका केली होती, आणि भादुरी स्वतःही त्यात दिसले होते. ‘सीझन्स ग्रीटिंग्ज’ची कथा कलकत्त्याच्या एका घरातील आई आणि मुलीची आहे. आईची भूमिका लिलेट दुबे ह्यांनी आणि मुलीची जेटली ह्यांनी केली. त्याच घरात वावरणाऱ्या एका पात्रासाठी श्री घटक ह्या पारलिंगी अभिनेत्रीची निवड करण्यात आली. हैदराबादच्या 1919 च्या कायद्याने ज्या देहाला रस्त्यावर नाचण्यास मनाई केली होती, तसा एक देह येथे श्रेयनामावलीत आपल्या नावासह आला.